बॉक्सर एंजिनातील तेलाचा खप : मापन, कारणे व निगा

एंजिन तेल खाऊ लागले, ही तक्रार मोटारसायकल वापरणाऱ्यांच्या तोंडी नेहमी ऐकू येते. बॉक्सर जातीच्या एंजिनांविषयी ती अधिकच ऐकू येते, आणि तिच्यावर सुचविले जाणारे उपाय बहुधा परस्परविरोधी असतात. कोणी म्हणतो, हा या एंजिनाचा स्वभावच आहे, तेल ओतीत राहावे. कोणी म्हणतो, रिंगा गेल्या, सिलिंडर उतरवावेत. पहिल्या सल्ल्याने खरा बिघाड झाकला जाऊन बेअरिंगे जळण्याचा धोका संभवतो. दुसऱ्या सल्ल्याने निर्दोष एंजिन उघडले जाते आणि परस्परांवर नीट बसलेले भाग विनाकारण विलग होतात. दोहोंत उणीव मात्र एकच आहे : तेल खरोखर किती खपते हे कोणी मोजलेले नसते. बॉक्सर रचनेत तेलाची पातळी पाहणे आणि तेलाचा खप मोजणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हे दाखविणे आणि त्यावरून निगेचे काही नियम काढणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. रचना व पिढ्या

बॉक्सर एंजिनात सिलिंडर क्रँकशाफ्टच्या दोन बाजूंस आडवे व समोरासमोर असतात. प्रत्येक पिस्टनाला स्वतंत्र क्रँकपिन असते आणि दोन पिनांमध्ये १८० अंशांचे अंतर असते. त्यामुळे दोन्ही पिस्टन एकाच वेळी बाहेर जातात व एकाच वेळी आत येतात. मुष्टियोद्धा आपल्या दोन मुठी एकमेकींवर आपटून दूर नेतो, त्या हालचालीशी असलेल्या साम्यावरून हे नाव पडले असे मानतात.

ब्रिस्टल येथील डग्लस कारखान्याच्या आरंभीच्या मोटारसायकलींत असे एंजिन वाहनाच्या लांबीच्या दिशेने, एक सिलिंडर पुढे व एक मागे, असे बसविलेले असे. बी. एम. डब्ल्यू. कंपनीने १९२० च्या सुमारास तयार केलेले पहिले बॉक्सर एंजिनही अन्य कारखानदारांनी याच रीतीने बसविले. या मांडणीत मागचा सिलिंडर पुढच्याच्या आडोशास येतो व त्यास वारा पुरेसा लागत नाही. माक्स फ्रिट्स यांनी आखलेल्या आणि १९२३ साली पुढे आलेल्या आर ३२ या वाहनात एंजिन आडवे फिरविले गेले. दोन्ही सिलिंडर वाऱ्यात आले आणि क्रँकशाफ्टच्या रेषेतच गिअरपेटी व चालकदंड जोडणे सोपे झाले. ४९४ घन सेंटिमीटरांचे व साडेआठ अश्वशक्तीचे हे एंजिन पुढील शंभर वर्षांच्या परंपरेचे मूळ होय.

तेलाच्या दृष्टीने या परंपरेतील तीन टप्पे ध्यानात ठेवले पाहिजेत. १९६९ पूर्वीच्या वाहनांत तेलाला गाळणी नव्हती. क्रँकशाफ्टवर बसविलेल्या तबकड्यांत केंद्रोत्सारी प्रेरणेने गाळ साठत असे. १९६९ साली आलेल्या आर ५०/५, आर ६०/५ व आर ७५/५ या वाहनांत संपूर्ण प्रवाह गाळणारी कागदी गाळणी आली आणि कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वरून खाली गेला. हा हवेने थंड होणाऱ्या एंजिनांचा वंश १९९६ पर्यंत चालला. दरम्यान १९९३ साली आर ११०० मालिका आली. तिच्यात तेलाचे दोन पंप असून त्यांपैकी एक वंगणासाठी, तर दुसरा सिलिंडर-हेडमधील उष्णता वाहून नेण्यासाठी आहे. २०१३ पासून आर १२०० जीएसमध्ये पाण्याचे शीतन व तेलात बुडालेला क्लच आला. पहिल्या दोन पिढ्यांत तेल हे वंगण तर आहेच, पण शीतनाचाही मोठा भाग त्याच्यावर सोपविलेला आहे. म्हणून तेथे तेल कमी पडणे म्हणजे दोन सेवक एकदम कमी होणे होय.

२. काही खप अपरिहार्य का असतो

सिलिंडराच्या भिंतीवर तेलाचा पातळ थर राहिला नाही तर पिस्टनच्या रिंगा काही मिनिटांतच भिंत ओरबाडतील. तेलाची रिंग हा थर खरवडून पातळ करते, परंतु पूर्णतः पुसून टाकीत नाही. जो भाग शिल्लक राहतो तो ज्वलनाच्या वेळी उघडा पडतो व त्याचा काही अंश वाफ होऊन अगर जळून जातो.

हा अंश किती असतो याचा हिशेब उद्बोधक आहे. आर ११०० एंजिनाचा व्यास ९९ मिलिमीटर व स्ट्रोक ७०.५ मिलिमीटर आहे. त्यावरून एका सिलिंडरातील पिस्टनाने झाडलेले क्षेत्र सुमारे २१९ चौरस सेंटिमीटर, आणि दोहोंचे मिळून सुमारे ४३८ चौरस सेंटिमीटर येते. एका किलोमीटरात एंजिनाचे २,००० फेरे होतात असे गृहीत धरू. चतुःस्ट्रोक एंजिनात ज्वलन दोन फेऱ्यांतून एकदा घडते. म्हणजे १,००० किलोमीटरांत प्रत्येक भिंत दहा लक्ष वेळा ज्वालेसमोर येते. या अंतरात ३०० मिलिलिटर तेल खपले असे धरल्यास दर वेळी नाहीशा होणाऱ्या थराची जाडी सुमारे ७ नॅनोमीटर निघते. भिंतीवरील थर एक मायक्रॉन जाडीचा मानला, तर त्यातील सुमारे दीडशेवा भाग एका ज्वलनात जातो.

या आकड्यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, खप शून्य असणे शक्य नाही. दुसरी अशी की, दीडशेव्या भागाचा पंचाहत्तरावा भाग झाला तरी खप दुप्पट होतो. भिंतीवरील होनिंगच्या रेषांची खोली, रिंगेचा ताण, तेलाची श्यानता यांतील अल्प फरकाने खपात मोठा फरक का पडतो, आणि एकाच दिवशी बनलेली दोन वाहने या बाबतीत भिन्न का वागतात, याचा उलगडा येथे होतो.

तेलाची निवडही याच हिशेबात येते. १०० अंश सेल्सिअस तपमानास एसएई ४० तेलाची श्यानता १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक व एसएई ५० ची १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक अशी ठरविलेली आहे. बाष्पनशीलता मोजण्यासाठी नोआक कसोटी वापरतात. तीत तेल २५० अंशांवर एक तास ठेवून वजनातील घट पाहतात. हवेने थंड होणाऱ्या एंजिनात भिंतीचे तपमान अधिक असल्याने जास्त बाष्पनशील तेल तेथे लवकर उडते. निर्मात्याच्या पुस्तिकेत उन्हाळ्यासाठी जाड तेल सांगितलेले असते त्याचे एक कारण हेच.

नव्या एंजिनाचा खप आरंभी जास्त असतो व रिंगा बसत जातात तसा उतरतो. १९८१ च्या सुमारास बिडाच्या अस्तराऐवजी निकेल व सिलिकॉन कार्बाइड यांचा कठीण मुलामा असलेले सिलिंडर रूढ झाले. कठीण भिंतीवर रिंगा बसण्यास वेळ लागतो. या काळात वाहन एकाच मंद गतीने, भार न देता चालविल्यास भिंतीवर काचेसारखी चकाकी येते व रिंगा कायमच्या अर्धवट बसलेल्या राहतात. गती बदलती ठेवणे व मधूनमधून मध्यम भार देणे, हे म्हणूनच इष्ट ठरते.

३. क्रँककेसचे श्वसन

एका ओळीतील चार सिलिंडरांच्या एंजिनात दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात. त्यामुळे क्रँककेसचे एकूण घनफळ फारसे बदलत नाही. बॉक्सर एंजिनात दोन्ही पिस्टन एकदम आत येतात. आर ११०० मध्ये प्रत्येक फेऱ्यात क्रँककेसचे घनफळ सुमारे १,०८५ घन सेंटिमीटरांनी घटते व तितकेच पुन्हा वाढते. मिनिटास ४,००० फेरे असताना हा भाता सेकंदास सुमारे ६७ वेळा चालतो. हा दाब बाहेर जाण्यासाठी श्वसननलिका असते आणि बाहेर गेलेली हवा परत आत खेचली जाऊ नये म्हणून जुन्या एंजिनांत एकदिशा झडप बसविलेली असते. नलिकेचे दुसरे टोक हवेच्या गाळणीच्या पेटीकडे जाते.

या हवेबरोबर तेलाचे तुषार जातात. तेलाची पातळी मर्यादेच्या वर असेल तर हे तुषार वाढतात व जादा तेल श्वसननलिकेवाटे हवापेटीत आणि तेथून ज्वलनकक्षात जाते. मालक दुसऱ्या दिवशी पातळी पाहतो, ती वरच्या खुणेच्या खाली उतरलेली दिसते. तो पुन्हा काठोकाठ भरतो. एंजिन पुन्हा जादा तेल ओकते. या चक्रातून निर्माण होणारा खप एंजिनाच्या झिजेचा नसून भरण्याच्या सवयीचा आहे. अनुभवी मंडळी वरच्या खुणेपर्यंत न भरता दोन खुणांच्या मध्यावर पातळी राखतात, त्यामागे हे सयुक्तिक कारण आहे. अडकलेली झडप किंवा दुमडलेली नलिका यांमुळेही दाब वाढतो. मग तेल सीलांमधून बाहेर पडू लागते आणि दोष सीलांना दिला जातो.

४. कललेले वाहन

बाजूच्या स्टँडवर उभी केलेली मोटारसायकल डावीकडे कलते. उभ्या सिलिंडराच्या एंजिनात याचा विशेष परिणाम नाही. परंतु आडव्या रचनेत डावा सिलिंडर खाली जातो. गरम तेल त्याच्याकडे ओघळते व रिंगांच्या फटींतून थोडे ज्वलनकक्षात झिरपते. दुसऱ्या दिवशी एंजिन सुरू करताच डाव्या बाजूने निळा धूर निघतो आणि मिनिटाभरात नाहीसा होतो. हा धूर रिंगा झिजल्याचे लक्षण नव्हे. वाहन मधल्या स्टँडवर ठेवले की तो थांबतो, आणि हीच त्याची कसोटी होय.

मोजणीवर मात्र याचा परिणाम गंभीर आहे. कललेल्या स्थितीत पाहिलेली पातळी निरर्थक असते. वाहन सरळ केल्यावर लगेच पाहिल्यास डावीकडे अडकलेले तेल अद्याप तळाशी परतलेले नसते व पातळी कमी दिसते. तेलाने थंड होणाऱ्या पिढीत तेल कूलर व त्याच्या नळ्या यांतही राहते. एंजिन पुरेसे तापले नसेल तर थर्मोस्टॅट उघडत नाही आणि प्रत्येक वेळी निराळे उत्तर मिळते. म्हणून वाहन पूर्ण तापेपर्यंत चालवावे, सपाट जागी मधल्या स्टँडवर घ्यावे, एंजिन बंद करून दहा मिनिटे थांबावे आणि मग पाहावे. जागा व वेळ दर खेपेस सारखीच ठेवावी. १९६९ ते १९९६ च्या वंशात आटे असलेली मोजपट्टी असते. ती पुसून, आटे न फिरविता नुसती टेकवून पातळी पाहावयाची असते. आटे आवळून पाहिल्यास पट्टी खोल जाते व तेल आहे त्याहून अधिक दिसते.

५. मापनातील त्रुटी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आर ११०० मध्ये गाळणीसह सुमारे पावणेचार लिटर तेल मावते आणि पातळीदर्शक काचेवरील दोन खुणांमधील अंतर सुमारे अर्ध्या लिटराचे असते. काच वर्तुळाकार व लहान आहे. सर्व दक्षता घेऊनही या अंतराच्या चतुर्थांशाइतकी, म्हणजे १२५ मिलिलिटरांची चूक होते असे मानणे अवास्तव नाही. खप काढण्यासाठी दोन वाचने लागतात. दोन स्वतंत्र चुका मिळून फरकातील त्रुटी १२५ गुणिले दोनाचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १७७ मिलिलिटर होते.

पाचशे किलोमीटरांनंतर खप काढला तर हजार किलोमीटरांमागे त्रुटी सुमारे ३५४ मिलिलिटर येते. ज्या राशीचे मापन करावयाचे तिच्याहून त्रुटी मोठी! अशा आकड्यावरून एंजिन उघडण्याचा निर्णय घेणे म्हणजे नाणे उडवून निदान करणे होय. तीच दोन वाचने ५,००० किलोमीटरांच्या अंतराने घेतली तर त्रुटी हजार किलोमीटरांमागे ३५ मिलिलिटरांवर उतरते.

मधल्या काळात घातलेले तेल मोजपात्राने मोजून वहीत लिहावे. त्यातील चूक पाच-दहा मिलिलिटरांपलीकडे जात नाही. काचेवरील चूक फक्त पहिल्या व शेवटच्या वाचनातच शिरते. समजा, ५,००० किलोमीटरांत चार वेळा मिळून १,१०० मिलिलिटर तेल घातले व शेवटची पातळी पहिल्याइतकीच आहे. तर खप हजार किलोमीटरांमागे २२० मिलिलिटर, अधिक-उणे ३५, असे म्हणता येईल. हा आकडा एकट्याने फारसे सांगत नाही. पुढील ५,००० किलोमीटरांचा आकडा त्याच्या शेजारी ठेवला म्हणजे तो बोलू लागतो. २२० नंतर २३५ आले तर काळजीचे कारण नाही. २२० नंतर ४०० आले तर एंजिनात काहीतरी बदलले आहे हे निश्चित.

६. न दिसणारा खप

याच्या उलट प्रकारही आहे. थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्यांत एंजिन पुरेसे तापत नाही. न जळलेले पेट्रोल रिंगांजवळून खाली उतरते, ज्वलनातून आलेले पाणी क्रँककेसमध्ये साठते आणि कार्बुरेटरची सुई नीट बसत नसेल तर पेट्रोलाची भर अधिकच पडते. जितके तेल खपले तितकीच ही भेसळ भरून काढते व पातळी महिनोन्‌महिने स्थिर दिसते. पुढे लांबचा प्रवास घडतो. तेल तापून पेट्रोल व पाणी उडून जाते आणि दोनतीनशे किलोमीटरांतच पातळी एकदम खाली येते. प्रवासात एंजिन बिघडले असे वाटते. वस्तुतः बिघाड पूर्वीचा होता व प्रवासाने तो केवळ उघड केला. या काळात बेअरिंगांना पातळ झालेले वंगण मिळत होते, हे अधिक हानिकारक आहे. तेलाला पेट्रोलाचा वास येत असल्यास पातळी कितीही योग्य असो, तेल बदलावे व कारण शोधावे.

७. निदानाचा क्रम

नोंदीवरून खप खरोखर वाढल्याचे सिद्ध झाले म्हणजे पुढील क्रम ठेवावा. प्रथम गळती पाहावी. १९६९ नंतरच्या वंशात पुशरॉडच्या नळ्या सिलिंडरांच्या खाली असून हेडमधील तेल त्यांतूनच परत येते. त्यांच्या बुडाशी असलेली रबरी सीले कडक झाली की तेथे ओल दिसते. कोरडा क्लच असलेल्या वाहनांत एंजिन व गिअरपेटी यांच्या सांध्याखाली थेंब दिसल्यास क्रँकशाफ्टचे मागील सील अगर गिअरपेटीचे पुढील सील गेलेले असते. गिअर-तेलाला गंधकाचा उग्र वास येतो, त्यावरून दोहोंतील भेद कळतो. ही गळती थोडी असली तरी क्लच निसटू लागतो.

नंतर धुराचे निरीक्षण करावे. घाट उतरून आल्यावर थ्रॉटल उघडताच निळा धूर आला तर झडपांच्या गाइडांचा संशय घ्यावा. कारण बंद थ्रॉटलच्या वेळी आत निर्माण होणारी निर्वातता तेथून तेल ओढते. चढावर, भार असताना सतत धूर येत असेल तर रिंगांकडे बोट जाते. शेवटी, पिस्टन वरच्या मृतबिंदूवर ठेवून सिलिंडरात दाबाखाली हवा सोडावी व ती कोठून निसटते ते ऐकावे : तेल भरण्याच्या तोंडाशी फुसफुस ऐकू आल्यास रिंगा, एक्झॉस्ट नळीत आल्यास बाहेरची झडप, कार्बुरेटराकडे आल्यास आतली झडप. बॉक्सर एंजिनाची येथे एक सोय आहे : उजवा सिलिंडर हा डाव्याचा तुलनेसाठीचा नमुना होय. दोन्ही सारखेच गळत असतील आणि स्पार्क प्लग कोरडे असतील, तर दोष सिलिंडरांत नसून श्वसनात किंवा भरण्याच्या रीतीत शोधावा.

८. नित्याची निगा

तेल गरम असताना काढावे, म्हणजे त्यात तरंगणारा गाळही निघून येतो. आर ११०० पिढीत १०,००० किलोमीटर अगर एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल तेव्हा तेल व गाळणी बदलण्याचा प्रघात आहे. जुन्या वाहनांत हे अंतर याहून कमी असते. हवेची गाळणी दुर्लक्षिली तर धूळ आत जाऊन रिंगांना घासते. पुष्कळशा तेलखपाचा उगम अशा धुळीत असतो.

१९६९ ते १९९६ च्या वंशात तेलाच्या गाळणीची कोठडी क्रँककेसच्या आत असते. उत्तरकालीन वाहनांत तिच्या झाकणाशी एक रबरी कडे व एक पातळ पोलादी चकती ठराविक दाबाने बसवावी लागते. झाकणाची खोली मोजून हा मेळ साधला नाही, तर पंपाने ढकललेले तेल बेअरिंगांकडे न जाता तेथूनच तळाशी परतते. पातळी योग्य, तेल नवे, गळती नाही, तरीही बेअरिंगे उपाशी! पातळी म्हणजे दाब नव्हे, हे ध्यानात ठेवण्यासाठी याहून चांगले उदाहरण नाही. तेल बदलल्यावर तेलदाबाचा दिवा विझण्यास नेहमीपेक्षा अधिक वेळ लागला तर एंजिन त्वरित बंद करावे.

झडपांमधील अंतर एंजिन थंड असताना तपासावे : आर ११०० मध्ये आतल्या झडपेस ०.१५ व बाहेरच्या झडपेस ०.३० मिलिमीटर. कोरड्या क्लचच्या वाहनांत गिअरपेटी व मागील चाकाचा गिअर यांचे तेल वेगळे असते व ते वेगळ्याने बदलावे लागते. २०१३ नंतरच्या पाण्याने थंड होणाऱ्या वाहनांत एंजिनाचेच तेल क्लचला भिजविते. तेथे घर्षण कमी करणारी द्रव्ये असलेले मोटारीचे तेल चालत नाही, तर ओल्या क्लचसाठी ठरविलेल्या प्रतीचेच तेल घालावे. तेलाच्या बाबतीत एका पिढीचा नियम दुसरीस लावणे हे या कुलातील वाहनांच्या निगेत घडणारे सर्वांत सामान्य प्रमाद आहेत.

९. उपसंहार

बॉक्सर एंजिन थोडे तेल खपविते, ही गोष्ट खरी आहे. परंतु "थोडे" या शब्दाला आकडा दिल्याशिवाय तिला अर्थ नाही. पातळी सारख्याच रीतीने पाहणे, ती मध्यावर राखणे, घातलेले तेल मोजून लिहिणे आणि निदान काही हजार किलोमीटरांनंतरच निष्कर्ष काढणे, एवढ्या चार गोष्टींना एक वही व एक मोजपात्र यांपलीकडे साधने लागत नाहीत. दर आठवड्यास पातळी पाहण्याचे काम याने सुटत नाही. ते एंजिन जिवंत ठेवण्यासाठी आहे. वही आहे ती एंजिन विनाकारण उघडले जाऊ नये, आणि उघडणे खरोखर आवश्यक झाले तर ते वेळेवर उघडले जावे, यासाठी.